काळोखांतला कैवारी

मुखवटा चढवून रात्रीं हिंडणारा व दुर्जनांस शासन करणारा नायक ज्यांत असतो, असले चित्रपट प्रौढ माणसांनीं पाहावेत कीं नाहींत, याविषयीं एकत्र कुटुंबांतून दोन मतें असतात. मुलांचें मत असें कीं, वडील मंडळींस त्यांतलें कांहीं कळत नाहीं. आणि वडील मंडळींचें मत असें कीं, त्यांत कळण्यासारखें कांहीं नसतेंच. आमच्या घरीं या दोन्ही मतांचे कट्टर पुरस्कर्ते एकाच छपराखालीं नांदत असल्यामुळें, दूरचित्रवाणीपुढें बसण्याची वेळ आली कीं आधीं तह करावा लागतो. अशाच एका तहाअन्वयें गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं सर्वांनीं मिळून 'भावेश जोशी सुपरहिरो' हा हिंदी चित्रपट पाहिला, आणि तो संपल्यावर वडील मंडळींपैकीं एकानेंही 'वेळ फुकट गेला' असें म्हटलें नाहीं. असें कां झालें तें सांगावें, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

हा प्रकार मुळांत अमेरिकेचा. १९३८ सालीं सुपरमॅन व १९३९ सालीं बॅटमन हे दोन वीर तेथील चित्रकथांच्या पुस्तकांतून जन्मास आले. पहिला भर दिवसां आकाशांतून उडणारा. त्याच्या अंगीं दैवी म्हणावें असें सामर्थ्य. दुसऱ्याच्या अंगीं तसलें कांहीं नाहीं. लहानपणीं डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेला तो एक मनुष्य, रात्रीं वटवाघळाचें सोंग घेऊन नगरांत हिंडतो. पुढें या दुसऱ्याच्याच वंशांत काळोख्या मनाचे व काळोख्या रंगाचे चित्रपट वाढले, आणि २००८ सालच्या 'द डार्क नाइट'मध्यें तर हीथ लेजर या नटानें जोकरची भूमिका अशी कांहीं केली कीं, नायकाच्या भूमिकेंतील क्रिश्चन बेल यास पाहावें कीं खलनायकास, हेंच प्रेक्षकांस सुचेना. चित्रपट लोकांपुढें येण्यापूर्वींच, जानेवारी २००८ मध्यें, वयाच्या २८ व्या वर्षीं लेजर वारला. २००९ सालीं त्यास मरणोत्तर ऑस्कर मिळालें. पुतण्याच्या आग्रहावरून तोही चित्रपट आम्हीं पूर्वीं पाहिलेला आहे. लेजरचें तें ओठ चाटीत बोलणें कित्येक दिवस डोळ्यांपुढून गेलें नाहीं, हें खरें. पण बॅटमनविषयीं आमच्या मनांत काळजी अशी कधीं उत्पन्न झाली नाहीं. तो कोट्यधीश. त्याच्या हाताशीं तऱ्हेतऱ्हेचीं वाहनें आणि यंत्रें. घरीं सेवेस वृद्ध व विश्वासू चाकर. अशा मनुष्यानें रात्रीं अन्यायाशीं लढावें हें कौतुकास्पद आहे. परंतु सकाळीं उठून त्यास दूधवाल्याचे पैसे द्यावयाचे नसतात.

आपल्याकडे मुखवट्याची हौस अगदींच नवी आहे असें मात्र नाहीं. १९३५ सालीं मुंबईच्या वाडिया मूव्हिटोननें 'हंटरवाली' काढला. त्यांत नादिया या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या नटीनें डोळ्यांवर मुखवटा बांधून व हातांत चाबूक घेऊन अन्याय करणाऱ्यांस झोडपलें होतें, आणि लोकांनीं तिला डोक्यावर घेतलें होतें. पुढें इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आमच्या लहानपणीं शाळेच्या पुस्तकांत लपून घरांत शिरत असे. तेव्हां वडील मंडळींनीं या विषयांत अगदींच सोंवळें मिरवूं नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

'भावेश जोशी सुपरहिरो' १ जून २०१८ रोजीं प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने. लेखनांत त्यांच्याबरोबर अनुराग कश्यप व अभय कोरान्ने. याच मोटवाने यांचा 'ट्रॅप्ड' हा चित्रपट आदल्या वर्षीं आला होता. मुंबईंतल्या एका उंच इमारतीच्या रिकाम्या घरांत एक तरुण कुलपाआड अडकून पडतो; वीज नाहीं, नळाला पाणी नाहीं, आणि खालीं सारें शहर वाहत असतें. मुंबईची तहान हा विषय या दिग्दर्शकाच्या मनांत आधींपासूनच घर करून बसला असावा, असा आमचा तर्क आहे. धंद्याच्या दृष्टीनें 'भावेश जोशी' साफ पडला. त्याच शुक्रवारीं 'वीरे दी वेडिंग' हा लग्नसराईचा थाटमाट असलेला चित्रपट लागला होता, आणि गंमत अशी कीं, एकींत भाऊ हर्षवर्धन कपूर, तर दुसरींत बहीण सोनम कपूर. लोक लग्नाला गेले. पाण्यासाठीं मारामारी करणाऱ्या भावाकडे फारसें कोणी फिरकलें नाहीं. पडलेल्या चित्रपटांचेंही एक नशीब असतें. ते कालांतरानें घराघरांतल्या पडद्यांवर एकेकटे येतात, आणि ज्याला भेटावयाचे त्याला भेटतात.

कथा थोडक्यांत अशी. २०११ सालीं देशभर भ्रष्टाचाराविरुद्ध जें आंदोलन पेटलें, त्यांत मुंबईचे तीन तरुण मित्र उतरतात. या आंदोलनाचे अध्वर्यु अण्णा हजारे हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांतले, त्या वेळच्या अहमदनगरचे व आतांच्या अहिल्यानगरचे, हें वाचकांस सांगावयास नकोच. भावेश जोशी, सिकंदर खन्ना व रजत अशीं त्या मित्रांचीं नांवें. डोक्यावर कागदाची पिशवी चढवावयाची, तिला डोळ्यांपुरतीं भोकें पाडावयाचीं, आणि रहदारीचे नियम मोडणाऱ्या लोकांस गांठून, त्यांचें चित्रण करून तें जगापुढें मांडावयाचें, हा त्यांचा उद्योग. कागदी पिशवी! कोट्यधीशाच्या चिलखतापुढें ही पिशवी पाहून आमच्या मातोश्रींस हंसूं आवरेना. वाणसामानाची पिशवी ती, निदान फाटेपर्यंत वापरावी कीं नाहीं, असें त्या म्हणाल्या. पुढें आंदोलन ओसरतें. सिकंदर नोकरींत रमतो व अमेरिकेस जाण्याच्या तयारीस लागतो. भावेश मात्र पिशवी टाकीत नाहीं. मुंबईंतल्या वस्तीचें पाणी कोठें जातें याचा माग काढतां काढतां तो पाणी चोरून विकणाऱ्या टोळीपर्यंत पोंचतो, आणि जिवास मुकतो. मग ज्या मित्रानें हें सारें सोडून दिलें होतें, तोच मुखवटा चढवितो.

या चित्रपटांत चोरीस जातें तें पाणी. अणुबाँब नव्हे, बँकेची तिजोरी नव्हे, जगाचा नाश करणारें एखादें यंत्रही नव्हे. आमच्या घरांतील स्त्रिया हातांतलें निवडणें बाजूस ठेवून सरसावून बसल्या त्या याच ठिकाणीं. गेवराईच्या माणसास पाण्याची चोरी समजावून सांगावी लागत नाहीं. तालुक्याच्या उत्तरेच्या अंगानें गोदावरी वाहते. वर पैठणला जायकवाडीचें धरण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्रींच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींनीं तें राष्ट्रास अर्पण केलें. त्याचा उजवा कालवा याच तालुक्यांतून पुढें माजलगांवकडे जातो. नदी दाराशीं, कालवा शेताशीं, आणि तरीही चैत्र-वैशाखांत टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसलेलीं माणसें. हें दृश्य मराठवाड्यांतील कोणत्याही गृहिणीस अपरिचित नाहीं. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पांच लक्ष लिटर पाणी आलें, आणि त्या गाडीस 'जलदूत' हें नांव मिळालें. इंजिनास हार घातलेले आम्हीं वर्तमानपत्रांतून पाहिले होते. ज्या प्रांतांत पाण्याच्या गाडीस हार घालतात, त्या प्रांतांत पाणीचोरास राक्षस म्हणून दाखविण्यासाठीं दिग्दर्शकास शिंगें किंवा सुळे लावावे लागत नाहींत.

मुंबईची गोष्ट निराळी, असें कोणी म्हणेल. पण ती तितकीशी निराळी नाहीं. १८६० च्या विहार तलावापासून व १८९२ च्या तानशापासून आजपर्यंत या शहरानें सात जलाशयांचें पाणी आपल्याकडे वळवून घेतलें आहे, आणि हें पाणी मोठमोठ्या नळांतून पुष्कळ मैल चालत येतें. वैतरणा, भातसा, तानसा हे जलाशय ज्या शहापूर-मोखाड्याच्या बाजूस आहेत, तेथील पाड्यांतल्या बायका उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात, हें दरसाल छापून येतें. नळ ज्यांच्या अंगणावरून जातो, त्यांची घागर कोरडी. चित्रपटांत रात्रीच्या काळोखांत ते अजस्र काळे नळ दिसतात, आणि त्यांच्या अंगावरून चोरपावलांनीं चालणारा एक पोरगेला मनुष्य दिसतो. त्या वेळीं आमच्या थोरल्या वहिनी एकदम म्हणाल्या, "बघा, मोटर रात्रींच लावतात. दिवसां आवाज होतो ना!" घरांतल्या कोणासही त्यावर अधिक खुलासा विचारावासा वाटला नाहीं.

काळोख हा या जातीच्या चित्रपटांत पुष्कळदां नुसता अलंकार असतो. पाऊस पडत असतो, दिवे मिणमिणत असतात, नायक उंच इमारतीच्या कडेवर उभा असतो, आणि सारें कांहीं फार गंभीर आहे असें आपणांस सुचविलें जातें. 'भावेश जोशी'तला काळोख मात्र कामाचा आहे. ज्या वेळेस चोरी होते, ती ही वेळ. गोदाकांठच्या माणसांस ही वेळ ठाऊक आहे. वाळूनें भरलेल्या गाड्या कोणत्या प्रहरीं निघतात, हें आमच्या भागांतल्या शाळकरी पोरासही सांगतां येईल.

आतां नटांविषयीं, कारण नुसत्या विषयानें चित्रपट तरत नाहीं.

सर्वांत प्रथम प्रियांशु पैन्यूली. भावेशची भूमिका यांची. चित्रपटाचें नांव या पात्राचें, पण कथा अर्धी होण्यापूर्वींच तें पात्र जगांतून जातें. म्हणजे नटास थोड्या अवधींत एवढी माया लावावयाची कीं, उरलेला सारा चित्रपट त्या मायेवर चालावा. हें अवघड काम पैन्यूलींनीं कसलाही आव न आणतां केलें आहे. त्यांचा भावेश थोडा बडबड्या, थोडा हट्टी, आणि मित्रांस क्वचित् कंटाळवाणाही होणारा आहे. प्रत्येक घरांत असा एक जण असतो. जेवतांना वर्तमानपत्रांतली बातमी काढून वाद घालणारा, दुकानदाराकडे पावती मागणारा, आणि त्यामुळें लग्नकार्यांत ज्याला बाजारहाटास पाठवूं नये असें ठरतें तो. पैन्यूलींनीं या मनुष्यास हुतात्मा केलेलें नाहीं. त्यास आपल्या हट्टाचा आनंद होतो, हें त्यांनीं दाखविलें आहे. पिशवीनें तोंड झांकलेलें असतांना नटाजवळ उरतें काय? आवाज, खांदे आणि हात. तेवढ्यावरही पिशवीआडचा मनुष्य आतां हंसतो आहे कीं भ्याला आहे, हें आम्हांस कळत होतें. तो मेल्यावर आमच्या पुतण्यानें पाणी पिण्याच्या निमित्तानें उठून पांच मिनिटें माजघरांत काढलीं. आम्हीं तिकडे पाहिलें नाहीं.

हर्षवर्धन कपूर यांच्या सिकंदराविषयीं घरांत मतभेद झाला. पुतणीचें म्हणणें असें कीं, नायकाच्या चेहऱ्यावर कांहीं हलतच नाहीं. पाठलागांत असो, प्रेमांत असो, चेहरा एकच. असा आक्षेप तो चित्रपट आला तेव्हांही पुष्कळांनीं घेतला होता. आम्हांस तो सर्वस्वीं मान्य नाहीं. सिकंदर हा मुळांत कोणत्याही गोष्टींत पूर्ण न उतरणारा मनुष्य आहे. आंदोलनांत तो मित्रांच्या ओढीनें गेला, नोकरींत जगाच्या ओढीनें गेला. असल्या मनुष्याचा चेहरा बोलका असेल कसा? त्याचा तो गप्प, किंचित् मागें मागें राहणारा चेहरा पूर्वार्धांत पात्रास शोभतो. उत्तरार्धांत, मित्राच्या मरणानंतर, तोच चेहरा आंतून पेटलेला दिसावयास हवा होता. तेथें मात्र पुतणीचें म्हणणें आम्हांस अर्धें पटतें. परंतु एक गोष्ट हर्षवर्धन यांनीं फार प्रामाणिकपणें केली आहे. हा नायक मार खातो. कराटे शिकतो, मोटारसायकल स्वतः जुळवितो, आणि तरीही प्रत्येक झटापटींत त्याच्या अंगावर घाव बसतात व ते दुखतात. रात्रींच्या मुंबईंतून होणारा मोटारसायकलचा तो लांबलचक पाठलाग पाहतांना आम्हां सर्वांस त्याची जी धास्ती वाटली, ती बॅटमनविषयीं कधीं वाटली नव्हती. याचें श्रेय नटाच्या देहास आहे. तो थकतो, आणि थकलेला दिसतो.

आशीष वर्मा यांचा रजत हा तिसरा मित्र. ही भूमिका लहान आहे असें वाटतें, पण कथा सांगणारा तोच. दोन मित्र झेपावत असतां मागें उभा राहून काळजी करणाराही कोणी लागतो. हें काम वर्मांनीं साधेपणानें केलें आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आणि मग निशिकांत कामत! हें नांव पडद्यावर आलें तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, चष्मा पुसला. पाण्याच्या चोरीच्या मुळाशीं असलेल्या राणा नांवाच्या पुढाऱ्याची ही भूमिका. कामतांनीं ती ओरडून केलेली नाहीं. खलनायकानें डोळे वटारावे, हात चोळावे, ही जुनी रीत. हा मनुष्य सावकाश बोलतो आणि समोरच्यास आपल्या बरोबरीचा मानतो असें दाखवितो. अशा माणसाच्या दिवाणखान्यांत आपण केव्हां ना केव्हां बसलेलों असतों. चहा येतो, घरच्यांची विचारपूस होते, 'तुमचें काम झालेंच समजा' असें आश्वासन मिळतें. आणि बाहेर पडल्यावर लक्षांत येतें कीं, आपण ज्यासाठीं गेलों होतों ती गोष्ट आपल्या तोंडून निघालीच नाहीं. लेजरच्या जोकरास जग जळतांना पाहण्यांत मौज वाटते, म्हणून तो भयंकर. कामतांचा राणा तसा नाहीं. त्याला जग नीट चालावयास हवें आहे. फक्त त्याचा नळ त्याच्या हातीं असावा. आम्हांस दोहोंपैकीं दुसऱ्याचें भय अधिक वाटलें.

या चित्रपटाचें मर्म मात्र आमच्या मतें कोणत्याही मारामारींत नाहीं. तें एका लहानशा लांच देण्याच्या प्रसंगांत आहे. अमेरिकेस जावयाचें तर पारपत्र हवें. पारपत्रासाठीं पोलिसांची चौकशी पार पडली पाहिजे. आणि ती लवकर पार पडावी म्हणून सिकंदर, ज्यानें कालपरवां पिशवी घालून लोकांस नीति शिकविली तो सिकंदर, निमूटपणें पैसे देतो. भावेशला तें कळतें व दोघां जिवलग मित्रांत असें भांडण जुंपतें कीं त्यांतून पुढचा सारा अनर्थ ओढवतो. हर्षवर्धन यांचा सर्वांत चांगला अभिनय आम्हांस येथें दिसला. चिडलेला मनुष्य आपण बरोबर आहों म्हणून चिडत नाहीं. आपलें चुकलें हें दुसऱ्यास दिसलें, म्हणून चिडतो. तो संताप त्यांच्या आवाजांत बरोबर उतरला आहे. आणि पैन्यूलींनीं तेथें उपदेशकाचा सूर लावलेला नाहीं. मित्रानें आपणांस फसविलें, एवढेंच दुःख त्यांच्या डोळ्यांत आहे.

हा प्रसंग संपल्यावर आमच्या घरांत कांहीं काळ कोणी बोललें नाहीं. त्यास एक कारण होतें. धाकट्या पुतण्यास त्याच सुमारास शिक्षणासाठीं एक कागद हवा होता. कचेरी कोणती व कोठली, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अशी कचेरी प्रत्येकाच्या वाट्यास केव्हां तरी येते. तेथें एका मध्यस्थानें 'चहापाण्याची' रक्कम सुचविली होती, आणि दादांनीं, जे आयुष्यभर कोणाच्या एका पैशास शिवले नाहींत त्या दादांनीं, "देऊन टाक रे, पोराचं वर्ष जाईल," असें आदल्याच दिवशीं सांगितलें होतें. दादांचें बोलणें आम्ही वाईट मानीत नाहीं. ज्याला पोरांचें वर्ष सांभाळावयाचें आहे, त्याच्या तोंडून असेंच निघतें. पण पडद्यावर दोन मित्र भांडत होते आणि पुतण्या दादांकडे न पाहतां पडद्याकडेच पाहत होता.

चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, "दादाकाका, मी नाही देणार."

दादा म्हणाले, "मग खेपा घाल."

त्यानें खेपा घातल्या. कागद अखेर मिळाला. एस. टी. च्या भाड्याचा व वाटेंतल्या खाण्यापिण्याचा हिशेब दादांनीं आपल्या सवयीप्रमाणें वहींत मांडला, आणि तो मागितलेल्या रकमेहून अधिक भरला. ती वही अजून त्यांच्या मेजावर आहे. येणाऱ्याजाणाऱ्यास ते ती दाखवितात. कोणत्या भावनेनें दाखवितात, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. अभिमान आहे असेंही वाटतें, आणि तक्रार आहे असेंही.

दोष सांगितल्यावांचून गुणवर्णन पुरें होत नाहीं, म्हणून तेही सांगतों. चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे, आणि उत्तरार्धांत तो आपल्या गतीस आवरूं शकत नाहीं. मधेंच एका पाहुण्या नटाचें उडतें गाणें येतें. त्या वेळीं घरांतील सर्व मंडळी आपापल्या कामास उठून गेली, आणि कोणाचें कांहीं अडलें नाहीं. सुपरहिरो म्हटला म्हणजे त्याची शिकवणी, त्याचें वाहन, त्याचा मुखवटा हें सारें दाखविलेंच पाहिजे, अशी या जातीची जणूं स्मृति आहे. मोटवाने यांनीं तिचें पालन जरा अधिकच निष्ठेनें केलें आहे. आणि स्त्रिया! स्नेहा नांवाची एक तरुणी कथेंत आहे. श्रेया सभरवाल यांनीं ती भूमिका केली आहे. पण तिला नायकावर रुसण्यावांचून कांहीं काम दिलेलें नाहीं. ज्या चित्रपटाचा विषय पाणी, त्यांत पाणी भरणाऱ्या बायांचें तोंड जेमतेम दिसावें, ही मोठी उणीव आहे. घागर कोणाच्या डोक्यावर असते, हें लेखकत्रयीस ठाऊक नसेल असें नाहीं.

जायकवाडीच्या जलाशयास 'नाथसागर' म्हणतात, तो एकनाथांच्या नांवावरून. काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड नाथांनीं वाळवंटांत तडफडणाऱ्या तहानलेल्या गाढवाच्या मुखीं ओतली, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलास सांगतात. नाथांनीं भारुडांतून नाना सोंगें उभीं केलीं, आणि सोंगाआडून लोकांस खरें सुनावलें. हा धागा दोन्ही बाजूंनीं मातोश्रींनींच काढला. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, सोंग घेणें नवें नाहीं आणि तहानलेल्यास पाणी देणेंही नवें नाहीं; नवें असेल तर तें मोटारसायकल.

परंतु दादांचें मन गुंतलें होतें तें निशिकांत कामतांत. कारण याच कामतांनीं २००५ सालीं 'डोंबिवली फास्ट' दिग्दर्शित केला होता, आणि मराठी भाषेंतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें होतें. त्यांतला माधव आपटे आमच्या वाचकांस विसरतां येणार नाहीं. बँकेंत नोकरी करणारा, रोज डोंबिवलीहून लोकलनें जाणारा, नियमानें वागणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. आणि एके दिवशीं त्याच्या हातीं क्रिकेटची बॅट येते व तो रस्त्यावर उतरतो. मुखवटा नाहीं, पिशवीसुद्धां नाहीं. संदीप कुलकर्णी यांनीं तो असा उभा केला कीं, चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना प्रत्येकानें आपल्या शेजारच्या आपटे-गोखले-कुलकर्ण्यांकडे जरा जपून पाहिलें असेल. कामतांनीं तोच चित्रपट पुढें २००७ सालीं तमिळमध्यें केला; मग 'मुंबई मेरी जान', 'लय भारी', 'दृश्यम' हे त्यांचे चित्रपट आले. सामान्य माणसाच्या संतापास ज्यानें मराठी पडद्यावर प्रथम बॅट दिली, तोच तेरा वर्षांनीं त्या संतापाच्या समोर, पाण्याचा नळ हातीं धरून, खलनायक म्हणून बसलेला दिसावा, हा योग दादांस विलक्षण वाटला. आम्हांसही वाटला. आपट्यांचा राग कोठून येतो हें ज्यास आंतून ठाऊक होतें, तोच तो राग आणणारा मनुष्य इतका शांतपणें वठवूं शकला, असें दादांचें मत पडलें. १७ ऑगस्ट २०२० रोजीं हैदराबादेस कामत वारले; त्यांचें वय अवघें पन्नास होतें.

पुढच्या रविवारीं दादांच्या आग्रहास्तव 'डोंबिवली फास्ट' पुन्हां पाहण्यांत आला. या खेपेस मुलें खालीं सतरंजीवर आणि वडील मंडळी वर पलंगावर अशी बैठक होती. मुलांस तो जुना वाटला, पण मधून कोणी उठलें नाहीं. माधवच्या पत्नीची भूमिका शिल्पा तुळसकर यांची आहे. नवरा रस्त्यावर जगाचा हिशेब चुकता करीत असतां ती घरांत मुलांपाशीं बसलेली असते, आणि तिला कोणीच कांहीं सांगत नाहीं. थोरल्या वहिनी तो सारा वेळ तिच्याकडेच पाहत होत्या. चित्रपट संपल्यावर दादा आपट्यांविषयीं बोलावयास लागले, तोंच त्या म्हणाल्या, "तुमचे आपटे राहूं द्या. तिनं त्या रात्रीं पोरांना जेवायला काय केलं असेल, तें सांगा," आणि पाणी यावयाची वेळ झाली होती म्हणून हंडा घेऊन उठल्या.